सरे हिल्समधली पहिली डोंगरी फेरी: रस्ता, गिअर आणि उतार

पुण्याहून नोकरीसाठी लंडनला आलेल्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. सिंहगड तिच्या सवयीचा, पुणे-लोणावळा-पुणेही ती हसत करायची. इथे लंडनच्या दक्षिणेकडच्या सरे हिल्स या डोंगराळ भागात मात्र साठेक किलोमीटरांत पाय संपले, आणि चढांपेक्षा उतारांचीच भीती जास्त वाटली. तिला तिथल्या डॉर्किंग गावाहून निघून डॉर्किंगलाच परत आणणारी एक चांगली फेरी हवी आहे. सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांची (५०/३४) आणि मागे ११ ते २८ दातांची (११-२८) चाकं आहेत, ती पुरतील का, आणि एकटीने जावं का, हेही तिने विचारलंय. या भागात मी बरीच वर्षं गटांच्या राइड नेत आले आहे, त्यामुळे तिलाच उद्देशून सविस्तर लिहिते.

आधी पाय का संपले ते. सिंहगड हा एक सलग चढ आहे. पायथ्याला श्वास आणि पेडल यांची लय लागली की ती माथ्यापर्यंत टिकते. सरेमधली सगळ्यात उंच टेकडी लीथ हिल, तीसुद्धा २९४ मीटरच. पण इथला चढ आठ-दहा मिनिटांत संपतो, लगेच उतार लागतो, उतारावर आंधळी वळणं, प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण संपलं की पुन्हा जोर, आणि दम परत यायच्या आत पुढचा चढ समोर. उतारावर विश्रांती मिळेल हा तुझा घाटातला हिशेब इथे चालत नाही. अरुंद लेनमधला, म्हणजे एका गाडीपुरत्या गावरस्त्यावरचा, उतार हे कामच असतं: हात, मान, खांदे, डोळे, सगळं ताणलेलं. शिवाय चढ छोटा आहे हे माहीत असल्याने आपण तो अंगात येऊन मारतो. पहिले तीन चढ असे मारले की चौथ्याला पाय उरत नाहीत. म्हणून या फेरीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो चढांचा क्रम आणि ते कोणत्या बाजूने चढायचे, उतरायचे हा निर्णय. ताकद त्यानंतर.

तो निर्णय घेण्यासाठी जमीन थोडी वाचावी लागते. डॉर्किंगच्या आसपास दोन डोंगररांगा साधारण पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. उत्तरेची नॉर्थ डाउन्स, खडूच्या पांढऱ्या दगडाची. बॉक्स हिल आणि रॅनमोअर हे तिचेच भाग. दक्षिणेची ग्रीनसँड रांग, वालुकाश्माची. तिच्यावर लीथ हिल, होम्बरी हिल (२६१ मीटर) आणि पिच हिल (२५७ मीटर). दोन्हींच्या मधल्या सखल पट्ट्यातून ए-२५ हा रस्ता, रेल्वे आणि टिलिंगबोर्न ही छोटी नदी जाते. ग्रीनसँडच्या दक्षिणेला वील्डची सपाट चिकणमाती, ओकची झाडं आणि शेतं.

यातली मोक्याची गोष्ट अशी की दोन्ही रांगांची दक्षिण बाजू तुटलेली आहे आणि उत्तर बाजू हळूहळू उतरते. सह्याद्री आठव: कोकणातून वर यायचं तर नाकासमोर भिंत, देशावरून माथ्यावर जायचं तर चढ कळतही नाही. इथे तीच गोष्ट बऱ्याच कमी उंचीवर आहे, फक्त कोकण पश्चिमेऐवजी दक्षिणेला आहे असं समज. नकाशावर एखादी लेन दक्षिणेकडून डोंगर चढताना दिसली की ती बोचणार, उत्तरेकडून असेल तर बसल्या बसल्या चढता येईल. अपवाद आहेत, पण पहिल्या वर्षी एवढा एक नियम पुरतो. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशांवर तर रस्त्यावर बाणाची टोकंच छापलेली असतात. एक टोक म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन टोकं म्हणजे २० टक्क्यांहून जास्त, आणि टोक उताराच्या दिशेला. फेरी आखताना मी आधी ही टोकं शोधते, मग अंतर बघते.

आता फेरी. एकूण साधारण ६० किलोमीटर, चढाई ९०० मीटरच्या आसपास.

सुरुवात बॉक्स हिलने कर, आणि सकाळी लवकर कर. बहुतेक जण ती शेवटाला ठेवतात, कारण नाव मोठं आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या रोड रेसने इथे नऊ फेऱ्या मारल्या, स्त्रियांच्या शर्यतीने दोन. त्या शर्यती अनुक्रमे अलेक्झांडर विनोकुरोव्ह आणि मारिआन व्हॉस यांनी जिंकल्या. पण झिग झॅग रोड हा खरं तर या भागातला सगळ्यात सौम्य चढ आहे: अडीच किलोमीटर, सरासरी पाच टक्के, हेअरपिन वळणं, चांगला डांबरी पृष्ठभाग. मोल नदीने डाउन्स कापून जी खिंड केली आहे तिच्या कडेने तो तिरका वर जातो, म्हणून एवढा समजूतदार. थंड पायांना गरम करायला याहून बरा चढ नाही. नऊनंतर मात्र पायथ्याच्या बर्फर्ड ब्रिजपाशी मोटरसायकलवाल्यांची गर्दी होते, वर चालणारे आणि गाड्या वाढतात. डॉर्किंग स्टेशनपासून बर्फर्ड ब्रिजपर्यंत ए-२४ या हमरस्त्याच्या कडेने सायकलींना वेगळा मार्ग आहे, तोच घे. ए-२४ वर स्वतः जाऊ नकोस.

माथ्यावर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं कॅफे आहे, पण इतक्या लवकर थांबायची गरज नाही. बॉक्स हिल गावातून पुढे हेडलीकडे जा आणि लॉजबॉटम रोडने मिकलमला उतर. हाच ऑलिम्पिकचा वळसा होता. दोन्ही बाजूंना झाडी, रस्ता अरुंद, उतार मात्र मध्यम. लेनमध्ये उतरण्याचा सराव इथे होतो, पाय आणि डोकं दोन्ही ताजे असताना. मिकलमहून ओल्ड लंडन रोडने पुन्हा बर्फर्ड ब्रिज आणि डॉर्किंग. इथवर सतराएक किलोमीटर झाले. सायकलीत काही खुटखुट असेल तर ती या वळशात कळते आणि तू अजून स्टेशनजवळच असतेस, हा या क्रमाचा आणखी एक फायदा.

दुसरा चढ रॅनमोअरचा. डॉर्किंगमधूनच रस्ता निघतो आणि डाउन्सच्या दक्षिण बाजूला तिरका चढतो, त्यामुळे बॉक्स हिलपेक्षा खडा आहे. खालच्या उतारांवर डेन्बीजचे द्राक्षमळे दिसतात. १९८६ पासून लावलेले. नाशिककडचं माणूस असेल तर तिथे दोन मिनिटं थांबतंच, कारण माती पूर्ण वेगळी: पांढरट, खडूची, पाणी झटकन खाली सोडणारी. या चढावर पहिला अर्धा भाग मुद्दाम हळू घे. माथा लागल्यावर रस्ता रानातून पश्चिमेला जातो. इथे वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे समोरून, पण झाडांमुळे तो फारसा लागत नाही. म्हणूनच जातानाचा पश्चिमेचा प्रवास मी डोंगरमाथ्यावरच्या रानातून ठेवते आणि परतीचा पूर्वेचा प्रवास वील्डच्या उघड्या शेतांतून, म्हणजे तोच वारा पाठीला मिळतो.

क्रॉकनॉर्थ रोड, ग्रीन डीन आणि मग कूम्ब लेन उतरून शियर. कूम्ब लेन ही डाउन्सची तुटलेली बाजू आहे. उतार खडा, वळणं झाडांत दडलेली, आणि पायथ्याशी ए-२५ हा वाहता रस्ता. या फेरीतला सगळ्यात सावध उतार हाच. उतरण्याबद्दल खाली वेगळं लिहिते, ते वाचल्याशिवाय इथे जाऊ नकोस. (कूम्ब लेनच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर न्यूलँड्स कॉर्नर आहे. डिसेंबर १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्ती बेपत्ता झाल्या तेव्हा त्यांची गाडी तिथेच सापडली होती. तिथून दिसणारं दृश्य सुरेख आहे, पण पहिल्या फेरीत वाट वाकडी करू नकोस.)

शियर हे टिलिंगबोर्नकाठचं देखणं गाव, त्यामुळे शनिवार-रविवारी गजबजलेलं. मी खाण्यासाठी थांबते ती पुढच्या पीसलेकला. तिथल्या छोट्या दुकानातले चीज स्ट्रॉ डोंगरी सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहेत. गरम असताना एक खा, एक खिशात टाक. मला स्वतःला खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर बरे वाटतात, थंडीत एनर्जी जेलची पाकिटं बोटांनी फाडता येत नाहीत. महत्त्वाचं एवढंच की पीसलेकला खाऊन घे, कारण पुढे अजून दोन चढ आहेत आणि मधल्या गावांत दुकान उघडं सापडेलच असं नाही.

पीसलेकहून पिच हिलवरून युहर्स्टकडे जायचं. उत्तरेकडून चढतेस, म्हणून चढ सोसवेल असा आहे, रस्ता पाइनच्या रानातून जातो. दक्षिणेला उतरताना मात्र पुन्हा तो तुटलेला कडा. इथून रंग बदलतो. ग्रीनसँडमधल्या लेन जमिनीत खोल गेलेल्या आहेत. वालुकाश्म मऊ, शतकानुशतकं बैलगाड्या, घोडे, मेंढरं आणि पावसाचं पाणी एकाच वाटेने गेलं, आणि वाट झिजत झिजत डोक्याच्याही वर काठ येईपर्यंत खाली गेली. दोन्ही काठांवर बीच आणि ओकची मुळं उघडी लोंबत असतात, वर फांद्या एकमेकींत मिसळलेल्या. या वाटांवर मी मनापासून प्रेम करते. माणसाच्या पायाने आणि पाण्याने मिळून कोरलेला असा रस्ता डोंगर फोडून काढलेल्या घाटात भेटत नाही. पण सायकलस्वाराला तिथे तीन गोष्टी भोवतात: ऊन पोचत नाही म्हणून ओल सुकत नाही, मधोमध शेवाळाचा पट्टा असतो, आणि समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागाच नसते.

युहर्स्ट ते फॉरेस्ट ग्रीन हे चारएक किलोमीटर जवळपास सपाट. पाठीवर वारा. इथे जोर लावायचा मोह होतो, आवर. पाणी पी, खांदे सैल सोड, कारण पुढे लीथ हिल दक्षिणेकडून चढायची आहे आणि तीच या फेरीची खरी परीक्षा. लंडनहून सरेत येणारी रायडलंडनची शंभर मैलांची राइड २०१३ पासून लीथ हिलवरून जायची, २०१९ हे तिचं सरेमधलं शेवटचं वर्ष. बॉक्स हिलचं नाव ऐकून आलेले हजारो लोक त्याआधी लीथ हिललाच उतरून सायकल ढकलायचे. चढाचा सुरुवातीचा भाग फसवा आहे, मधला खडा, आणि माथा आला असं वाटतं तिथे तो नसतो. पुढचं ३४ दातांचं चाक आधीच लाव, बसूनच चढ, नजर पुढच्या चाकाच्या तीनेक मीटर पुढे ठेव. खड्या भागात मागचं चाक ओल्या पानांवर घसरलं तर उभी राहू नकोस, वजन सीटवरच राहू दे.

चढताना डावी-उजवीकडे लीथ हिल प्लेसचा परिसर लागतो. रॅल्फ व्हॉन विल्यम्स या संगीतकाराचं बालपण त्या घरात गेलं. चार्ल्स डार्विनची बहीण तिथे राहायची, आणि गांडुळं माती कशी वर आणतात याची काही निरीक्षणं त्याने त्याच कुरणांत केली. माथ्यावरचा मनोरा रिचर्ड हल यांनी १७६५ मध्ये बांधला. टेकडी हजार फुटांना थोडी कमी पडते, मनोऱ्यामुळे ती भरून निघते, आणि हल यांना त्यांच्या इच्छेप्रमाणे मनोऱ्याखालीच पुरलं आहे. रस्त्यापासून तिथे पायवाटेने जावं लागतं. क्लीट (पेडलला अडकणारी पट्टी) लावलेल्या रोडच्या बुटांनी ती वाट धड चालवत नाही, म्हणून मनोरा बघायचा असेल तर वेगळ्या दिवशी चालत ये. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला लंडन आणि दक्षिणेला समुद्राची रेघ, दोन्ही दिसतात.

माथ्यावरून कोल्डहार्बर आणि तिथून कोल्डहार्बर लेनने थेट डॉर्किंग. हा उत्तरेचा उतार आहे, म्हणून लांब आणि मोकळा. पण वरचा भाग खोल गेलेल्या लेनचा आहे आणि तू दमलेली असशील. दमलेला माणूस ब्रेक उशिरा लावतो. या लेनमध्ये अपघाताची वेळ येते ती अशीच.

आता उताराबद्दल. तुझी भीती बरोबर आहे, तिला सवयीने दाबू नकोस, हिशेबात बसव.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही दिसल्यापासून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर गेलेच. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी बारा-तेरा मीटर. एकूण चोवीसच्या आसपास. वई (रस्त्याकडेचं झुडपी कुंपण) उंच असलेल्या वळणावर तुला पुढचे तीस मीटर दिसत असतील तर वाटतं, पुरे की. पण लेन एका गाडीपुरतीच आहे, आणि समोरचा ड्रायव्हरही त्याच तीस मीटरांतून येतोय. तुझ्या वाट्याला अर्धेच, पंधरा मीटर. त्या पंधरांत थांबायचं तर वेग ताशी २५ च्या आसपासच हवा: सात मीटर प्रतिक्रियेचे, पाच ब्रेकचे, वर थोडी शिल्लक. रस्ता ओला असेल, पानं पडली असतील, तर तेही जास्त. दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे, हा एकच नियम मी नव्या लोकांना देते. घाटात तू दोन पदरी रस्त्यावर, दरीपलीकडची वळणं आधीच बघत उतरतेस. इथे वई पुढचं काही दाखवत नाही.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना लाव. वळणात शिरल्यावर लावलाच तर मागचा, हळुवार. हात हँडलच्या खालच्या वक्रावर ठेव, तिथून लीव्हरला जोर मिळतो आणि खड्ड्यात हात सुटत नाही. रस्ता डाव्या बाजूनेच चालतो, त्यामुळे भारतातली सवय तुझ्या मदतीलाच आहे. पण गटारीला चिकटून उतरू नकोस. कडेला खडी, वाळू, पानं, झाकणं असतात, आणि समोरच्याला तू उशिरा दिसतेस. चाकाच्या दोन पट्ट्यांपैकी डाव्या पट्ट्यात राहा, आंधळ्या डाव्या वळणावर थोडी मधल्या बाजूला.

या लेनवर गाड्यांना कायद्याने ताशी ६० मैलांची मुभा असते. पांढऱ्या गोलावर काळा तिरका पट्टा ही पाटी दिसली की तोच अर्थ. कोणी शहाणा तेवढ्याने जात नाही, पण पाटीवर विसंबू नको. हायवे कोड या ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २९ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या बदलांनुसार शांत रस्त्यावर सायकलस्वाराने लेनच्या मधोमध चालवणं मान्य आहे, दोघींनी शेजारी शेजारी जाणंही मान्य आहे, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात गाडीने ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडायचं आहे. अधिकार असला तरी मागे गाडी तुंबली आणि शेताचं फाटक किंवा रुंद जागा आली की मी बाजूला होते, हात वर करून जाऊ देते. इथे हा हात सगळं काम करतो. जो थांबला त्याला हात, ज्याने वाट दिली त्याला हात.

घोडे खूप भेटतील. मागून येताना बेल वाजवू नकोस, काही घोडे त्याने बिचकतात. लांबूनच मोठ्याने गुड मॉर्निंग म्हण, म्हणजे घोड्याला मागे माणूस आहे हे कळतं. वेग अगदी कमी कर, उजवीकडून लांबून जा, डावीकडून कधीच नाही. स्वार थांब म्हणाला तर थांब.

गिअरचा प्रश्न. ११-२८ ने फेरी होईल, पण ती पायांतून वसूल होईल. तू आणि सायकल मिळून ७० किलो धरू. १५ टक्के चढावर ३४/२८ ने पेडलचे मिनिटाला साठ फेरे मारायचे तर सुमारे २६० वॉट लागतात. मागे ३४ दात असले तर त्याच फेऱ्यांना सुमारे २१५ वॉट पुरतात, वेग अर्थातच थोडा कमी. ४५ वॉटचा हा फरक चौथ्या चढावर सायकलवर राहणं आणि ढकलणं यातला फरक आहे. तेव्हा ११-३२ किंवा ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) लाव. आधी दुकानात विचार की तुझं मागचं डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एवढ्या दातांना पेलतं का. जुन्या आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरना २८ किंवा ३० च्या पुढे जमत नाही. चेनही बहुधा लांब लागेल.

टायर २८ मिलिमीटरचे, फ्रेममध्ये मावत असतील तर ३० किंवा ३२. हवा कमी ठेव. तुझ्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ६०-६५ पीएसआय भरपूर आहे. पुण्यात सगळे शंभरच्या वर मारतात, इथल्या खडबडीत ओल्या लेनवर तसं टायर नुसतं उडत राहतं आणि पकड जाते.

पंक्चरचंही इथे जमिनीशी नातं आहे. डाउन्सवर खडूत चकमकीचे दगड असतात. पाऊस झाला की त्यांच्या धारदार चकत्या रस्त्यावर वाहून येतात, आणि ओलं रबर लवकर कापलं जातं. शेतांतल्या लेनवर काटे. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, वई सहसा छाटत नाहीत, म्हणून सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टर लागतात आणि हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. शरद ऋतूत दोन ट्यूब, पंप आणि पॅच घेतल्याशिवाय निघू नकोस. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरव. काटा तिथेच असतो, आणि न काढता ट्यूब घातली तर पाच मिनिटांत दुसरी जाते.

ऋतू. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत उत्तम. लीथ हिलच्या रानात त्यातल्या सुरुवातीच्या आठवड्यांत ब्लूबेलच्या फुलांची निळी जाजमं अंथरलेली असतात. सप्टेंबरही चांगला. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो आणि लेनमध्ये त्याआधी तासभर अंधारतं, म्हणून तेव्हा दिवसाही पुढचा-मागचा दिवा चालू ठेवावा. अंधारात तर तो कायद्यानेच लागतो. थंडीत एक धोका विशेष: डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाणी झिरपू देणारा दगड चिकणमातीवर टेकतो, तिथे झरे फुटतात. ते पाणी बाराही महिने रस्त्यावरून वाहतं. बाकी सगळा रस्ता कोरडा ठणठणीत आणि नेमका उताराच्या तळाशी, सावलीत, दहा मीटरचा काचेसारखा बर्फ. रात्री पारा शून्याला टेकला असेल किंवा सकाळी तीन अंशांच्या खाली असेल तर मी लेनमध्ये कोणालाच नेत नाही. त्या दिवशी मोठ्या, मीठ टाकलेल्या रस्त्यांवर जा किंवा घरी बस.

थकलीस तर सुटायची वाट आधीच माहीत हवी. फॉरेस्ट ग्रीनला पाय जड वाटले तर लीथ हिल सोड आणि बी-२१२६ या रस्त्याने होम्बरी सेंट मेरीवरून ॲबिंजर हॅमरला ये. चढ आहे, पण सौम्य. तिथून गॉमशॉल स्टेशन जवळ आहे. गाड्या मोजक्या असतात, वेळापत्रक फोनमध्ये उतरवून ठेव, कारण डोंगरांच्या कुशीत नेटवर्क जातं. गॉमशॉलची गाडी डॉर्किंग डीपडीनला थांबते. डॉर्किंगला तीन स्टेशनं आहेत, लंडनची गाडी डॉर्किंग या मुख्य स्टेशनातून मिळते आणि डीपडीनहून तिथे चालत काही मिनिटांत पोचता येतं. आठवड्याच्या दिवशी जाणार असशील तर लंडनच्या गर्दीच्या वेळी न दुमडणारी सायकल गाडीत घेऊ देत नाहीत, हे लक्षात ठेव.

एकटीने? पहिल्यांदा नको. इथला रस्ता वाईट आहे किंवा माणसं वाईट आहेत म्हणून नव्हे. उलट, रस्त्याकडेला सायकल उलटी दिसली की जवळपास प्रत्येक जाणारा विचारतो. कारण एवढंच की उतारावरची रेषा पुढच्या अनुभवी सायकलच्या मागे राहून जितकी लवकर शिकता येते तितकी लिहून सांगता येत नाही. दक्षिण लंडन आणि सरेमधले बहुतेक क्लब रविवारी सकाळी वेगवेगळ्या वेगांचे गट नेतात, आणि सभासद होण्याआधी एक-दोनदा पाहुणी म्हणून येऊ देतात. मधला गट निवड, सगळ्यात वेगवान नको. निघण्याआधी त्यांच्या हाका विचारून घे, कारण समोरून गाडी आली की काय ओरडायचं आणि मागून आली की काय, हे क्लबागणिक बदलतं. कूम्ब लेन आणि कोल्डहार्बर लेन त्यांच्यासोबत एकेकदा उतरलीस की मग ही फेरी एकटीने कर, आठवड्यातल्या एखाद्या सुट्टीच्या सकाळी, जेव्हा लेनमध्ये ट्रॅक्टर आणि घोड्यांखेरीज फारसं कोणी नसतं. घरी कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघ, आणि पीसलेकहून एक निरोप पाठव.